उमियाविकपासून सत्तर मैल

सोमवार, ३ ऑक्टोबर

पोचलो एकदाच्या! कांगिक ते उमियाविक एकशेचाळीस मैल, विमानानं बरोब्बर एक तास. मध्ये ना रस्ता ना वस्ती. थर्मासमधला चहा उतरलो तेव्हासुद्धा जीभ भाजेल इतका गरम होता. पोर सगळा वेळ माझ्या अमाउतीच्या, म्हणजे लेकरू पाठीवर घ्यायच्या कोटाच्या, टोपीत ढाराढूर. सामानाच्या खोक्यांवरून उड्या मारत उतरले तर समोर अर्धं गाव उभं. माझ्यासाठी नाही हो, पोरीसाठी!

पोरीचं नाव पानिलू. ऊलायुक म्हातारीच्या मुलाचं हे नाव. तो फेब्रुवारीत कांगिकहून घरी यायला निघाला आणि विमानासकट नाहीसा झाला. त्याच आठवड्यात कांगिकला माझी लेक जन्मली. गेलेल्या माणसाचं नाव नव्या जिवाला मिळालं की गेलेला घरी परत आला, असं आपण मानतो. मग तो जीव मुलगी असो की मुलगा, त्यानं काही अडत नाही. ऊलायुकनं टोपीतून तिला ओढून काढली, नाकाला नाक लावून हुंगली आणि म्हणाली, आलास रे लेका, किती वाट बघायला लावलीस. सगळे हसले, निम्मे रडले.

म्हातारीनंच शब्द टाकून मला इथल्या विमानतळावर रेडिओची नोकरी मिळवून दिली. वर दोन खोल्यांचं उबदार घर. कांगिकला तीन वर्षं दुकानाच्या गल्ल्यावर बसून माझी पाठ मोडली होती. उन्हाळ्यात रेडिओची परीक्षा दिली ती अशी फळाला आली. पोरीचा बाप कुठल्या खाणीत आहे देव जाणे, त्याच्यावर शाई घालवत नाही. आता आम्ही दोघी आणि हे गाव.

बुधवार, ५ ऑक्टोबर

काम सोपं आहे. दर तासाला बाहेर जाऊन ढग, वारा, धुकं बघायचं आणि लिहायचं. विमान येताना वैमानिक रेडिओवर सांगतो, अमुक मैलांवर आहे, इतके प्रवासी. आपण त्याला वारा सांगायचा आणि धावपट्टीवर कुत्री नाहीत ना ते बघायचं. सोमवार, बुधवार, शुक्रवार अशी आठवड्याला तीन विमानं.

माझा साहेब जोनासी. साठीचा, पोट सुटलेला, पुढचे दोन दात गायब. पहिल्याच दिवशी म्हणाला, तुझा आवाज इतका खणखणीत आहे की वैमानिक घाबरून परत फिरतील. मी म्हटलं, तुमचे दात बघून तर उतरायचेच नाहीत. जमलं आमचं.

एकच गोष्ट खटकली. दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी हा बाबा रेडिओ चक्क बंद करतो आणि खिडकीपाशी पाठ करून चहा पितो. दहा मिनिटांनी परत सुरू. विचारलं तर म्हणे, तेवढा वेळ कानाला आराम. नोकरी सरकारी आणि आळस घरचा!

बुधवार, १२ ऑक्टोबर

असे लाड मी जन्मात बघितले नाहीत. ऊलायुकनं पोरीला कॅरिबूच्या कातड्याचे इवलेसे बूट शिवले. शिकारी परत आले की पहिला वाटा आमच्या दारात, कारण पानिलू त्यांचा जोडीदार होता ना. पोर आठ महिन्यांचीही नाही, कॅरिबूची जीभ काय खाणार? मीच खाते, आणि गालावर चढलंय.

सगळ्यात मजा रीपाची. रीपा म्हणजे पानिलूची बायको, तिशीतली, गोड मुलगी. ती पोरीला नवरोबा म्हणते! काल लंगोट बदलताना म्हणत होती, अहो, लग्न झालं तेव्हा तुम्ही जरा तरी लाजत होता. मी हसून हसून खाली बसले. ती पण हसली आणि मग पोरीच्या पोटावर तोंड ठेवून बराच वेळ तशीच राहिली.

आज तिनं विचारलं, नाव कसं ठेवलंत? खरं ते सांगितलं. जन्मल्यापासून पोर चार दिवस रात्रंदिवस रडत होती, दूध घेईना, निळी पडायला लागली. माझी आईच सुईण. ती गेलेल्यांची एकेक नावं पोरीच्या कानात सांगत होती. कुठल्याच नावाला रडं थांबेना. पाचव्या दिवशी आईनं पानिलू म्हटलं आणि पोर गप्प. लगेच दूध प्यायली. तेव्हा विमान नाहीसं होऊन फक्त पाच दिवस झाले होते, माणसं अजून बर्फावर शोधत होती. मी म्हटलंही, आई, अजून तो गेला कुठे नक्की? आई ओरडली, इथे पोर मरतेय, आणि तू शोध संपायची वाट बघत बसतेस? रीपा म्हणाली, बरोबरच केलं आईनं. नंतर आठवडाभर शोधलं, काही सापडलं नाही.

सोमवार, २४ ऑक्टोबर

आज जोनासीची दाढ सुजली म्हणून तो आला नाही. मी एकटी. दोन वीसला रेडिओ बंद करायची मला काय गरज?

दोन वीसला पुरुषाचा आवाज आला. दक्षिणेकडचा माणूस, दमलेला. त्यानं विमानाचा क्रमांक सांगितला आणि म्हणाला, उमियाविकपासून सत्तर मैल, प्रवासी एक, वारा सांगा. मी वारा सांगितला. कुठून येताय विचारलं. उत्तर नाही. पुन्हा तेच वाक्य, तसंच, त्याच जागी श्वास घेऊन. मग खरखर.

दुपारच्या वेळापत्रकात विमानच नव्हतं. मी क्रमांक जुन्या वहीत शोधला. सतरा फेब्रुवारी. पुढे पोचल्याची वेळ लिहायचा रकाना कोरा.

वही तशीच उघडी टाकून जोनासीच्या घरी गेले. तो गालाला फडकं बांधून बसला होता.  त्यानं सांगितलं की बावीस फेब्रुवारीपासून हे रोज चालू आहे. सुरुवातीला त्यानं शोध घेणाऱ्यांना सांगितलं, ते सत्तर मैलांवर जाऊन आले, तिथे काही नाही. सत्तर म्हणजे कांगिक आणि उमियाविकच्या बरोब्बर मध्ये. आकडा कधी बदलत नाही. म्हणाला, म्हातारीला सांगू नकोस. आता कुठे ती जेवायला लागलीय.

बावीस फेब्रुवारी. माझ्या आईनं नाव ठेवलं तो दिवस. मला हे तिथेच, त्याच्या स्वयंपाकघरात कळलं. जोनासीलाही ते कधीचं कळलं होतं, तोंडावर दिसत होतं.

बुधवार, २६ ऑक्टोबर

माझ्या जिभेला हाड नाही. रीपाला सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण ती पोरीला मांडीवर घेऊन अहो अहो करत होती आणि मला राहवेना. वाटलं, तिचा हक्क आहे.  तिनं पोरीला हळूच खाली ठेवलं, अंगावरचं दुपटं नीट केलं आणि निघून गेली.

शुक्रवार, २८ ऑक्टोबर

रीपानं सांगितलं असणार, ऊलायुक दोनपासून रेडिओपाशी येऊन बसली. जोनासीनं माझ्याकडे असं बघितलं की मी जमिनीत गेले असते तर बरं. पण रेडिओ बंद करायची त्याची हिंमत झाली नाही.

सत्तर मैल, प्रवासी एक. म्हातारी ऐकत होती. मग हसली, उठली आणि रेडिओच्या खोक्याला नाक लावून हुंगलं. म्हणाली, प्रवासी एक म्हणजे माझा पानिलू. तो मेलेला नाही. त्याचं नाव कुणी तरी काढून नेलंय, म्हणून बिचाऱ्याला उतरता येत नाही.

हे बोलताना ती माझ्या पाठीकडे बघत होती. पाठीवर पोर झोपली होती.

सोमवार, ३१ ऑक्टोबर

सकाळी गावच्या रेडिओवर, जिथे लोक हरवलेले हातमोजे आणि मिळालेले मासे सांगतात, तिथे ऊलायुक बोलली. अगदी गोड आवाजात. म्हणाली, लीटियाच्या मुलीला कुणी पानिलू म्हणू नका, एवढी या म्हातारीची विनंती आहे. सगळ्यांना देव बरं ठेवो. त्यानंतर कुणी तरी बिंगोची वेळ सांगितली.

दुकानात गेले तर गल्ल्यावरची मुलगी, जी रोज पोरीशी बोबडं बोलायची, मान खाली घालून पिशवी भरत राहिली. प्रार्थनेला आले होते त्यातल्या एकानंही तिला हाक मारली नाही. कुणी वाईट वागत नाही हो. दार धरतात, वाट देतात. फक्त पोर तिथे नाहीच असं वागतात.

आज आकडा सहासष्ट होता. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

शुक्रवार, ४ नोव्हेंबर

एकसष्ट. पोरीनं दोन दिवस दूध घेतलं नाही. ताप नाही, खोकला नाही. दवाखान्यातली नर्स म्हणते दात येत असतील. दात कसले! हात लावला की गार लागते. हाक मारली की आधी मान वळवायची, आता वळवत नाही.

आईला फोन केला. ती रडायला लागली. म्हणाली, चुकलं माझं. मी म्हटलं, मग दुसरं नाव देऊन टाक फोनवरून. ती म्हणाली, नाव म्हणजे अंगरखा आहे का, काढला आणि दुसरा घातला? ज्यानं दिलं त्यानं पोरीला हातात धरून दुसरं द्यावं लागतं, नाही तर मधल्या मध्ये पोर जाईल. ये मग, म्हटलं. आई चौऱ्याहत्तरची आहे आणि पानिलूचं विमान गेल्यापासून विमानाचा आवाज आला तरी पलंगाखाली शिरते.

बुधवार, ९ नोव्हेंबर

काल अठ्ठेचाळीस मैल होते.

मला आता समजलंय. गाव तिला हाक मारत नाही म्हणून नाव सैल होतंय. जितकं तिच्यापासून सुटतं तितका तो जवळ येतो. काल रात्रभर मी जागी राहून तिच्या कानात पानिलू, पानिलू म्हणत राहिले. घसा फुटला. पहाटे तिनं माझं बोट धरलं आणि दूध प्यायली. आणि आज दुपारी बावन्न!

जोनासीनं आकडा लिहिला आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाला, लीटिया, त्या विमानात माणसं आहेत. मी म्हटलं, असतील. माझ्या टोपीत पण एक आहे. मला त्या माणसांचं काही वाटत नाही, खरं सांगते. मेले तर मेले. ते निदान चालून फिरून जगले तरी.

सोमवार, १४ नोव्हेंबर

आज तो स्वतः बोलला. पानिलू.

वैमानिकाचं वाक्य संपलं आणि दुसरा आवाज आला, तरुण, आपल्याच बोलीतला. विचारत होता, रात्रभर मला हाका कोण मारतंय? म्हणाला, घराचे दिवे दिसायला लागतात, आणि कुणी तरी हाक मारतं, की विमान थरथरतं आणि दिवे मागे जातात. बाई, कोण आहेस तू? बास कर ना. फार थंडी आहे गं इथे.

मी बटण दाबून सांगितलं, माझी मुलगी आहे. तुझं नाव तिला दिलंय. ते सुटलं तर ती मरेल.

 त्यानं विचारलं, केवढी आहे? नऊ महिन्यांची होईल म्हटलं. तो म्हणाला, अरेरे. मग हसल्यासारखा आवाज आला, म्हणाला, मी तुझ्या मुलीशी भांडायला लागलो की काय! पुढे म्हणाला की वैमानिक फेब्रुवारीपासून मागे वळलेला नाही. मी आता त्याला हाक मारत नाही. वळला तर काय दिसेल, याची भीती वाटते.

आणि मग, अगदी हळू, ते विचारलं. एकच दिवस तिला हाक मारू नकोस ना. एका दिवसानं काय होणार आहे?

रेडिओ बंद केला.  ऊलायुक मागे उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

शुक्रवार, १८ नोव्हेंबर

कालपासून सूर्य उगवत नाही, आता जानेवारीतच.

कांगिकला पळून जायचं ठरवलं. तिकिटं ऊलायुकचा पुतण्या देतो. म्हणाला, जागा नाही, तीन आठवडे सगळं भरलंय. आज विमान गेलं तेव्हा नोंद मीच केली. प्रवासी शून्य.

दुपारी ऊलायुक घरी आली. पोरीच्या पायातले बूट काढले, झटकले आणि आपल्या खिशात ठेवले. म्हणाली, माझ्या लेकासाठी शिवले होते. पोर रडलीसुद्धा नाही. पाय पांढरे, गार. मी त्या म्हातारीला धक्का दिला, शिव्या दिल्या. ती दारात उभी राहून ऐकत होती, न चिडता. म्हणाली, तुला नऊ महिन्यांची सोडवत नाही. मी एकतीस वर्षांचा कसा सोडू?



बावीस मैल. मी एकटी हाका मारते आणि गाव गप्प. एकटीचा आवाज किती पुरणार?

मंगळवार, २२ नोव्हेंबर

ऊलायुक माशाचं सूप घेऊन आली. बसली. म्हणाली, चुकले मी, बूट काढायला नको होते. दोघींची लेकरं वाचतील असं करू. तुझ्या आईला घेऊन ये. तिनं नाव दिलं, तिनंच पोरीला हातात धरून दुसरं द्यावं, तुझ्या आजीचं, कुणाचंही. माझा खाली उतरेल, तुझी उठून बसेल. शुक्रवारच्या विमानात जागा आहे. अकराला निघ, दोन तासांत आईला घेऊन परत.

मी रडले. तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, लाज नाही वाटली. आईला फोन केला. तू हात धरणार असशील तर येते, म्हणाली.

पोरीला नेता येणार नाही. नर्स म्हणते तिची छाती इतकी अशक्त आहे की विमानात टिकणार नाही. आणि तो वाटेतच आहे, तेरा मैलांवर. त्याच्या शेजारून तिला कशी नेऊ? रीपाकडे ठेवणार. रीपानं पोरीच्या कपाळावर हात ठेवून शपथ घेतली, तू येईपर्यंत मी तिला पानिलूच म्हणेन, क्षणभर थांबणार नाही. तीही रडत होती.

शुक्रवार, २५ नोव्हेंबर

सकाळी ११.१०. निघालो. मी एकटीच प्रवासी. वैमानिक रॉस, चांगला पोरगा, त्यानं मला पुढे शेजारी बसवलं आणि कानाला रेडिओ दिला. वही मांडीवर आहे. खाली काळोख आणि बर्फ. निघताना पोरीनं डोळे उघडले होते.

११.२०. वाटेत काही नव्हतं. तो दिसला नाही.

११.३८. उमियाविकहून जोनासीचा आवाज. ओरडत होता, उतरलं, उतरलं! मागे गाड्यांचे भोंगे, कुत्री, बायका रडतायत. पानिलू स्वतःच्या पायांनी शिडी उतरला म्हणे.

पण आई तर अजून कांगिकलाच आहे. मग नाव कुणी—

११.४०. किंचाळून विचारलं पोर कशी आहे. जोनासी म्हणाला ठीक आहे, उठून बसलीय, अख्खी बाटली प्यायली. मी विचारलं हे कसं झालं. म्हणाला, ऊलायुकनं तिला दुसरं नाव दिलं, तू धावपट्टी सोडलीस तेव्हाच. तुझी आई म्हणाली होती ना की तिलाच द्यावं लागतं? तसं काही नाही निघालं. फार चिवट नाव मिळालं, लगेच धरलं पोरीनं.

कोणतं नाव? विचारलं. तीनदा विचारलं.

म्हणाला, मला थांबवता आलं नाही, लीटिया. मला माफ कर. आणि मग, तुझंच.

११.४१. रॉसनं कांगिकला सांगितलं. सत्तर मैल, प्रवासी एक.

११.५५. सत्तर मैल, प्रवासी एक.

१२.३०. सत्तर मैल. रॉसला विचारलं, अरे, आपण पुढे का जात नाही? त्यानं तेच वाक्य पुन्हा म्हटलं. इंधनाचा काटा हलत नाही. आई धावपट्टीवर उभी असेल, एकटी, इतक्या थंडीत—

तारीख माहीत नाही

रॉस माझ्याकडे वळत नाही. मीही त्याच्याकडे बघत नाही.

रोज दोन वीसला रीपा पोरीला घेऊन रेडिओपाशी येते. दया म्हणून. आईला लेकीचा आवाज ऐकू द्यावा म्हणून. ती म्हणते, लीटिया, बोल ना, लीटिया, हस ना. पोर हसते. विमान थरथरतं. कांगिकचे दिवे दिसत होते तेवढे मागे जातात.

दुसऱ्या दिवशी

आज दात आला म्हणे. पानिलू मागून ओरडून सांगत होता, माझ्या बोटाला चावली, दणकट आहे! त्याचं नाव त्याच्याकडे. ऊलायुकनं बूट पोरीला परत दिले.

सगळं गाव तिला हाका मारतं आता. दुकानात, प्रार्थनेत. लीटिया, लीटिया. किती लाड करतात माझ्या पोरीचे—

नंतर

उभी राहते. धरून.

वजन वाढलं. छाती स्वच्छ. तीन घरं दूध पाठवतात.

थंडी. चहा गार झाला.

नंतर

आज दिवे जवळ आले. पहिल्यांदाच. आईच्या घराची खिडकीसुद्धा—

गावात साथ आहे, निम्मं गाव अंथरुणात, कुणी हाक मारली नाही दिवसभर. पोर किरकिर करत होती म्हणे, दूध घेतलं नाही.

अठ्ठावन्न मैल.

मला आनंद झाला. देवा, मला आनंद झाला—

नंतर

पुन्हा सत्तर. साथ गेली. पोर बरी.

नंतर

बटण दाबलं. सोडलं. बोलले नाही.

ती आता मोठी झालीय. अंगानं भरलीय. एका दिवसानं काही होत नाही तिला. उपाशी राहील थोडी. मग मी येईन ना, मीच येईन, पाठीवर घेईन, मग सगळं—

नंतर

दोन वीस. रीपा आली. पोर खिदळतेय. काही तरी म्हणाली, पहिला शब्द असेल, नीट ऐकू आला नाही, रीपा मोठ्यानं लीटिया लीटिया करत होती.

बटण दाबलंय.

रीपा, ऐक ना. फार थंडी आहे गं इथे. एकच दिवस. फक्त एकच दिवस तिला हाक मारू नकोस. एका दिवसानं काय—